'मला काहीच आवडत नाही' म्हणणाऱ्यांसाठी

(बारावीच्या निकालानंतर आमच्या गावच्या वाचनालयात मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलायच्या ओघात एकदोन गोष्टी राहून गेल्या होत्या, त्या भरल्या आहेत. बाकी बोलले तसंच ठेवलं आहे.)



वाचनालयाचे काका, गुरुजी, आलेले सगळे आईवडील आणि माझ्या वयाच्या, माझ्याहून लहान सगळ्या मुलामुलींनो,

काकांनी मला बोलावलं तेव्हा सांगितलं, 'करिअर मार्गदर्शनावर दोन शब्द बोल.' मी म्हटलं, काका, माझंच करिअर अजून कुठं लागलेलं नाही. मी बी.ए.च्या शेवटच्या सेमिस्टरला आहे, राज्यशास्त्र घेऊन. मार्गदर्शन करायला कुणीतरी मोठ्या हुद्द्यावरचं माणूस आणा. काका म्हणाले, 'ते दरवर्षी आणतो. ते येतात, जिद्द ठेवा म्हणतात, नारळ घेऊन जातात. यंदा चुकलेलं माणूस आणूया म्हटलं.'

तर मी चुकलेलं माणूस म्हणून इथं उभी आहे.

माझी धाकटी बहीण यंदा पीयूसी कॉमर्समधून पास झाली. ती समोरच बसली आहे. नाव घेत नाही, घरी गेल्यावर भांडेल. निकालापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा तिला एकच विचारतो, 'पुढं काय?' परवा रात्री लाईट गेली होती, आम्ही दोघी अंगणात बसलो होतो. ती म्हणाली, 'ताई, बी.कॉम. काय, बी.ए. काय, मला काहीच आवडत नाही. मी काय लिहू फॉर्मवर?'

मला त्या क्षणी उत्तर देता आलं नाही. कारण तीन वर्षांपूर्वी मी हेच वाक्य बोलले होते. फरक एवढाच, की मी ते कुणाजवळच बोलले नव्हते. त्या रात्री द्यायचं राहिलेलं उत्तर आज देते आहे.

आधी माझी गोष्ट थोडक्यात सांगते. एसएसएलसीला मला 91 टक्के पडले. ते साल 2020. निकाल लागला त्या संध्याकाळी आमच्या घरी पेढे वाटून झाले आणि पेढे संपायच्या आत माझं सायन्स ठरलं होतं. कुणी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. कुणी विचारलंच नाही, आणि मीही बोलले नाही. हुशार पोरगी सायन्सला जाते, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. मलाही तेवढंच माहीत होतं. बाबा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत. ट्यूशनसाठी त्यांनी भिशी उचलली, तीस हजाराची. पीसीएमबी घेतलं, म्हणजे इंजिनिअरिंग पण होईल आणि मेडिकल पण. दोन्ही दारं उघडी.

पहिलं वर्ष कोरोनाचं. घरात एक फोन, तो बाबांबरोबर कामावर जायचा. रेंज मिळायची ती मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर. पण मी सगळा दोष कोरोनाला देणार नाही. खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती मला फार उशिरा कळली. ती थोड्या वेळानं सांगते.

2022 ला सेकंड पीयूसीचा निकाल लागला. मी फिजिक्समध्ये नापास.

ज्यांना 91 टक्के पडलेले असतात त्यांनी नापास व्हायचं नसतं. नापास झालेल्या मुलाला निदान चार मित्र तरी असतात नापास झालेले. मला कुणीच नव्हतं. बाबा काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते रोज सहाला उठून डबा घेऊन जायचे आणि रात्री जेवताना बातम्या बघायचे. भिशीचा हप्ता अजून चालू होता. दर महिन्याच्या दहा तारखेला हप्ता न्यायला माणूस यायचा, तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसायचे.

सप्लिमेंटरीला सुटले. आता ती पद्धत बदलली आहे. परीक्षेच्या एकापेक्षा जास्त संधी मिळतात. यंदा ज्यांचा एखादा विषय राहिला आहे, त्यांनी ह्या संधी सोडू नका, आणि आतल्या खोलीतही बसू नका.

मग बी.ए.ला प्रवेश. कॉलेजच्या खिडकीपाशी लाईन होती. तेव्हा आपल्याकडं नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम होता. दोन मुख्य विषय निवडायचे आणि तिसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर करायचा. खिडकीतल्या सरांनी विचारलं, 'कुठले दोन विषय?' मी गप्प. मी मागं वळून लाईनीतल्या मुलीला विचारलं, 'तू काय घेतलीस गे?' ती म्हणाली, 'हिस्ट्री आणि पोलिटिकल सायन्स.' मी सरांना सांगितलं, 'मला पण तेच.'

झालं. माझा मेजर असा ठरला. दहा सेकंदात, दुसऱ्याच्या तोंडून. नंतर कळलं की तिनं पण तिच्या मामेबहिणीला विचारून लिहिलं होतं.

तुम्ही हसताय, पण इथं बसलेल्या किती जणांचा विषय असाच ठरला आहे, हात वर करायला सांगू काय? नको.

आता ती राहिलेली गोष्ट सांगते.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एका मुलीला शाळेचं विज्ञान शिकवत होते. ती मराठी माध्यमाची. बल, वेग, संवेग, जडत्व, सगळं मराठीत. शिकवता शिकवता मी थांबले. संवेग! म्हणजे मोमेंटम. पीयूसीत मोमेंटमवर मी पानंच्या पानं पाठ केली होती, गणितं उतरवून काढली होती, आणि मोमेंटम म्हणजे आपण शाळेत शिकलेला संवेग, हे पहिले सहा महिने माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इनर्शिया म्हणजे जडत्व, हे पण नाही. शाळेत हाच धडा मला आवडायचा. बस अचानक थांबल्यावर माणूस पुढं का फेकला जातो, हे मी वर्गात उठून सांगितलेलं मला आठवतंय. तीच मुलगी दोन वर्षांनी म्हणत होती, 'मला फिजिक्स आवडत नाही.'

मला फिजिक्स आवडत नव्हतं की मला इंग्रजी समजत नव्हतं? मी हा प्रश्न कधी वेगळा केलाच नाही.

आपल्या सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या मुलांची ही खरी अडचण आहे. न आवडणं आणि न समजणं ह्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, पण आतून दोन्हींची चव एकसारखीच लागते. दोन्हींत पुस्तक उघडलं की जांभई येते. दोन्हींत सर आपल्याकडं बघतील म्हणून आपण मान खाली घालतो. आणि आपण त्याला सरळ नाव देऊन टाकतो, 'इंटरेस्ट नाही.'

राज्यशास्त्रात आम्हाला घटनेचं 350 अ कलम शिकवलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यानं सोयी करायला हव्यात, असं त्यात आहे. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीनं ते आलं. त्यात शब्द आहे 'प्राथमिक'. आपल्याकडं हायस्कूलपर्यंत मराठीतून शिकता येतं हे खरं. पण दहावीनंतरच्या जूनमध्ये आपण एका उडीत दुसऱ्या भाषेत जाऊन पडतो. त्या उडीत पाय मुरगळला तर दोष पायाचा नसतो. पण आपण आयुष्यभर म्हणत राहतो, 'मला पळायला आवडतच नाही.'

हे ऐकून कुणी असं समजू नका की मी सायन्स सोडून चूक केली आणि आता रडते आहे. मी नंतर स्वतःची परीक्षा घेतली. जुनी पुस्तकं काढली, मराठी शब्द शेजारी लिहिले आणि परत वाचलं. गती आणि बल हे धडे खरंच आवडले. विजेचे धडे मराठीतूनही नाही आवडले. म्हणजे माझं न आवडणं अर्धं खरं होतं, अर्धं खोटं. कदाचित मी शेवटी राज्यशास्त्रातच आले असते. पण कळून येणं वेगळं आणि ढकललं जाऊन येणं वेगळं. ढकललं गेलेलं माणूस पुढचं सगळं वर्ष मागं वळून बघत असतं. मी बी.ए.चं पहिलं वर्ष तसंच घालवलं.

मग मला हा विषय आवडायला कधी लागला? वर्गात नाही लागला. आमच्या शेजारच्या आज्जीमुळं लागला.

आज्जीचं वृद्धापकाळाचं पेन्शन बंद झालं होतं. तीन महिने पैसे नाहीत. आज्जीला कन्नड वाचता येत नाही, फॉर्म कन्नडमध्ये. ती दोनदा कचेरीत जाऊन आली, दोन्ही वेळा 'पुढच्या आठवड्यात या' म्हणून परत. तिसऱ्या वेळी मी तिच्याबरोबर गेले. त्याच महिन्यात आम्हाला कर्नाटकाच्या शासनव्यवस्थेच्या पेपरात 'सकाल' कायदा शिकवला होता. 2011 चा कायदा आहे. ठरवून दिलेल्या सरकारी सेवा ठरलेल्या दिवसांत मिळायला हव्यात, आणि अर्ज दिला की त्याचा एक नंबर मिळायला हवा. परीक्षेत पाच मार्कांना येतो म्हणून मी तो पाठ केला होता.

मी खिडकीत माझ्या मोडक्या कन्नडात विचारलं, 'सर, ह्या अर्जाचा सकाल नंबर द्या.'

त्या माणसानं मान वर करून पहिल्यांदा आमच्याकडं बघितलं. आधार आणि बँक खात्याचं काहीतरी जुळत नव्हतं, ते त्यानं सांगितलं, कागद कुठला लागेल तेही सांगितलं. नंबर दिला. पुढं पेन्शन चालू झालं. मी काही मोठं केलं नाही, फक्त एक नियम माहीत होता. पण बसमधून घरी येताना माझ्या डोक्यात एकामागून एक प्रश्न यायला लागले. हा कायदा असताना कुणी नंबर का मागत नाही? नियम कन्नडमध्ये आहे म्हणून? की कुणी सांगितलंच नाही म्हणून? सांगायचं काम कुणाचं, पंचायतीचं की कचेरीचं? ग्रामसभेत हे कुणी बोलतं का? ग्रामसभा शेवटची कधी झाली?

त्या दिवशी घरी येऊन मी परीक्षा नसताना पुस्तक उघडलं. 73 व्या घटनादुरुस्तीचा धडा. आधी तोच धडा वाचताना मला झोप आली होती.

म्हणून बहिणीला आणि तुम्हा सगळ्यांना पहिली गोष्ट ही सांगते. आवड ही आधी मनात येऊन बसलेली आणि आपण फक्त ओळखायची, अशी वस्तू नसते. 'तुझं पॅशन शोध' असं रीलमध्ये सांगतात. आपण डोळे मिटून शोधायला जातो, आत काहीच दिसत नाही आणि वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. अठरा वर्षांच्या पोरानं शाळेचे सहा विषय सोडून जगात काय बघितलेलं असतं, की त्याला आत काही दिसावं? मानसशास्त्र, समाजकार्य, संख्याशास्त्र, कायदा हे विषय आपण कधी चाखलेलेच नाहीत. न चाखलेल्या भाजीबद्दल 'आवडत नाही' म्हणतो तसलंच हे.

आवड ओळखायची माझी खूण साधी आहे. जो प्रश्न कॉलेजमधून तुमच्याबरोबर बसमध्ये चढतो आणि घरापर्यंत येतो, तो विषय तुमचा. मार्क कमी पडले तरी तुमचा. आणि आवडत्या विषयातसुद्धा कंटाळवाणे पेपर असतात. प्लेटो आणि अॅरिस्टॉटल मी आजही रडतरडत वाचते. सगळं आवडलं पाहिजे असा हट्ट धरला तर कुठलाच विषय हाती लागणार नाही.

दुसरी गोष्ट मार्कांची. मार्क सांगतात की तो पेपर तुम्हाला जमला. तुम्हाला काय करायला आवडेल हे मार्कांना माहीत नसतं. माझी एक मैत्रीण अकाउंटन्सीत नव्वदच्या वर होती. बी.कॉम.ला गेली आणि दुसऱ्या वर्षी मला म्हणाली, 'मला हिशेब येतोय गे, पण मला हिशेब नको.' आमच्याच गल्लीतला एक मुलगा दहावीला काठावर पास. त्याला सगळ्यांनी ढ ठरवलं. आयटीआय केलं, टर्नर झाला. आता मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगतो. मार्कशीट बघून दोघांबद्दलही आपला अंदाज चुकला असता.

मोठ्या माणसांचं एक उदाहरण देते, कारण ते आपल्या बेळगावशी जोडलेलं आहे. पु. ल. देशपांडे वकिलीची पदवी घेतलेले होते. त्यांनी वकिली केली नाही. एम.ए. केलं आणि काही काळ आपल्या बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. पुढं ते लेखक, नट, संगीतकार म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. एका पदवीनं माणूस संपत नाही, हे त्यातून कळतं.

पण हे उदाहरण सांगून मी टाळ्या घेणार नाही. कारण खाली बसलेले बाबा लोक मनात म्हणत असतील, 'ते पु. ल. होते. आम्हाला भिशी फेडायची आहे.' बरोबर आहे. चुकून बघायला पैसे लागतात. शहरातल्या मुलाचं एक वर्ष गेलं तर त्याला 'गॅप' म्हणतात. आपलं एक वर्ष गेलं तर त्याला 'पोरगी काय करूलालीय घरात?' म्हणतात. मुलगी असेल तर वर स्थळं यायला लागतात. म्हणून आपण फॉर्म भरायच्या आधीच, फुकटात आणि घरबसल्या चुकून बघायचं. ते कसं, ते सांगते. आठ दिवसांचं काम आहे.

एक. आधी दारं बघा, कुठली उघडी आहेत आणि कुठली बंद झाली आहेत. पीयूसीला फिजिक्स आणि मॅथ्स नसेल तर इंजिनिअरिंगचं दार बंद. बायोलॉजी नसेल तर मेडिकलचं बंद. पण बी.ए., बी.कॉम., कायदा ही दारं सायन्सवाल्यांनाही उघडी असतात. कायद्याला पीयूसीनंतर पाच वर्षं किंवा कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षं. बँकेची परीक्षा, यूपीएससी ह्यांना पदवी लागते, पण अमुकच विषयाची असं नाही. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. बी.एड. करायचा विचार असेल तर मात्र पदवीला कुठले विषय घेतले हे बघतात, तेव्हा ते आधीच विचारून घ्या. जेव्हा काहीच कळत नसतं, तेव्हा सगळ्यात कमी दारं बंद करणारा विषय घेणं हा भित्रेपणा नाही, शहाणपणा आहे. फक्त त्याची किंमत माहीत हवी. मी पीसीएमबी दारं उघडी ठेवायलाच घेतलं होतं, पण ती दारं उघडी ठेवताना माझे हात किती दुखणार हे कुणी सांगितलं नाही.

दोन. नियम कुठले चालू आहेत ते बघा. ताईनं सांगितलं, दादानं सांगितलं, त्यावर जाऊ नका. कर्नाटकात 2021-22 ला नवीन धोरण आलं, मी त्यातून शिकले. 2024-25 पासून सरकारनं चार वर्षांची रचना मागं घेतली आणि पुन्हा तीन वर्षांची पदवी आणि तीन मुख्य विषय आणले. म्हणजे मी दोन विषय निवडले, माझ्या बहिणीला तीन निवडायचे आहेत. एकाच घरात दोन पद्धती. काहीच ठरत नसलेल्याला तीन विषय ही खरं तर बरी गोष्ट आहे. एक ओळखीचा घ्या, एक पोटासाठी घ्या आणि एक कधी न चाखलेला घ्या. पण तीनही विषय त्या कॉलेजात एकत्र मिळतात का, ते आधी विचारा. सगळ्या जोड्या सगळीकडं नसतात.

तीन. विषयाचं नाव वाचू नका, अभ्यासक्रम वाचा. युनिव्हर्सिटीच्या वेबसाईटवर तो असतो. पहिल्या सेमिस्टरच्या धड्यांची नावं वाचा. मग जुन्या प्रश्नपत्रिका बघा. उत्तर येत नसणारच, ते बघायचं नाही. प्रश्न वाचून 'ह्याचं उत्तर काय असेल?' असं वाटतं का, एवढंच बघायचं. एनसीईआरटीची अकरावीची पुस्तकं मोफत मिळतात. तीन विषयांचा पहिलापहिला धडा वाचा. जो धडा संपवलात तो बाजूला ठेवा, जो अर्ध्यात सोडलात तो का सोडलात ते लिहा. भाषा कळली नाही म्हणून, की विषयच नको म्हणून? हे लिहिताना स्वतःशी खोटं बोलू नका. भाषा असेल तर त्यावर औषध आहे. मराठी शब्द शेजारी लिहून तोच धडा परत वाचा. मला हे औषध तीन वर्षं उशिरा सापडलं. एका वहीचं काम होतं.

चार. शिकणाऱ्याला विचारा, पण 'स्कोप काय?' असं विचारू नका. स्कोप विचारला की प्रत्येक जण ऐकीव सांगतो. विचारा, 'काल दिवसभर काय केलंस? काय वाचलंस? काय लिहिलंस? कशाचा कंटाळा आला?' माणसाच्या एका दिवसावरून विषय कळतो. कॉलेजात ओळखीचं कुणी असेल तर सरांची परवानगी घेऊन एक तास मागच्या बाकावर बसून या. मुलींना तर आता शक्ती योजनेत बसचं तिकीटही नाही.

पाच. फक्त बेळगाव म्हणजे जग नाही. केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशाची सीयूईटी परीक्षा 2022 पासून सुरू आहे आणि ती मराठीतूनही देता येते. तिचे अर्ज निकालाच्या आधीच भरावे लागतात, म्हणून फर्स्ट पीयूसीवाल्यांनी आजच डायरीत लिहून ठेवा. महाराष्ट्रातल्या सीईटी सेलच्या प्रवेशांत 865 गावांतल्या मराठी भाषक मुलांसाठी सीमाभागाची वेगळी तरतूद असते. तिला लागणारी कागदपत्रं ऐनवेळी मिळत नाहीत, आधी काढून ठेवा. कोल्हापूरला जायचं, गोव्याला जायचं की इथंच राहायचं, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण माहिती नव्हती म्हणून राहिलो, असं व्हायला नको.

आणि एक सगळ्यांनाच सांगते. कन्नड टाळायची म्हणून विषय निवडू नका. आपली मराठी आपली आहेच, ती कुठं जात नाही. पण आज्जीच्या पेन्शनच्या खिडकीत माझं मोडकं कन्नडच कामाला आलं. भाषेची भीती आणि विषयाची आवड ह्या दोन वह्या वेगळ्या ठेवा.

आता आईवडिलांना दोन शब्द. लहान तोंडी मोठा घास होईल, सांभाळून घ्या. पोराला 'तुला काय आवडतं?' असं एकदम विचारू नका. ते घाबरतं. त्यापेक्षा 'आज काय वाचलंस?' विचारा, आणि कळलं नाही तरी ऐका. दुसरं, पैसे भरायच्या आधी त्याच्याशी बोला. पैसे भरल्यावर पोर खरं बोलत नाही. मला फर्स्ट पीयूसीच्या दिवाळीतच कळलं होतं की हे जमत नाहीये. पण भिशी उचलली होती. त्या तीस हजाराचं ओझं माझ्या जिभेवर बसलं होतं.

आणि निवड चुकलीच तर? माझी चुकली. मी इथं उभी आहे. वर्ष गेलं तर वर्ष जातं, माणूस जात नाही. पदवी चालू असताना दुसरी पदवी दूरशिक्षणातून करायला यूजीसीनं 2022 पासून परवानगी दिली आहे. पदवीनंतर विषय बदलता येतो. पण चुकलं हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी कुणाजवळ तरी बोला. चुकीपेक्षा गप्प बसण्यानंच माझं जास्त नुकसान केलं.

राज्यशास्त्र घेऊन मला उद्या नोकरी लागेलच, असं मी सांगू शकत नाही. पुढं एम.ए. करायचं आहे, कायद्याचाही विचार डोक्यात आहे. खिडकीपाशी दुसऱ्याच्या तोंडून घेतलेला विषय आता माझा झाला आहे, एवढं मात्र सांगू शकते.

शेवटचं. आज्जीचं पेन्शन चालू झालं तेव्हा आज्जीनं ते सगळ्या गल्लीला सांगितलं. बाबांनाही सांगितलं. त्या रात्री जेवताना बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. माझ्या निकालानंतर दीड वर्षानं ते पहिल्यांदा माझ्या अभ्यासाबद्दल बोलले. म्हणाले, 'ह्या तुझ्या पुस्तकात पंचायतीचं पण असतंय काय?'

मी म्हटलं, 'व्हय. सगळं असतंय.'

म्हणाले, 'मग वाच की मोठ्यानं.'

आणि मी वाचलं. आई भाकरी थापायची थांबली. बहीण पण ऐकत होती. तिला तेव्हा काहीच आवडलं नसेल, ती मधेच उठून गेली होती. काही हरकत नाही. तिचा विषय वेगळा असेल.

बाई, फॉर्म भरायला अजून आठ दिवस आहेत. आज रात्री तीन धडे काढूया. मी शेजारी बसते.